घडवायचे आपण, गमवायचेही आपणच

पाडव्याच्या मागेपुढे बेसबॉलचा हंगाम सुरू होतो. बॉस्टनच्या परिसरात तेव्हा थंडी पुरती गेलेली नसते, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाच्या तालमी चालू असतात आणि तालमीनंतरच्या चहाला रेड सॉक्सचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. यंदा त्या बोलण्यात उत्साहापेक्षा संताप जास्त आहे. राफाएल डेव्हर्स गेला. ज्याच्यासाठी त्याला तिसऱ्या बेसवरून हलवले, तो अलेक्स ब्रेगमनही गेला. वर्षभराच्या आत दोन मोठे फलंदाज हातचे घालवणाऱ्या व्यवस्थापनावर चाहते रागावले आहेत आणि त्यांचा राग रास्त आहे.

रेड सॉक्सने डेव्हर्सला २०१३ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून करारबद्ध केले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. २०१७ च्या जुलैत, विसाव्या वर्षी, तो मुख्य संघात आला. तीन आठवड्यांच्या आतच कट्टर प्रतिस्पर्धी यँकीजच्या मैदानावर, नवव्या इनिंगमध्ये, अरोल्डिस चॅपमनच्या ताशी शंभर मैलांहून वेगवान चेंडूवर होम रन मारून त्याने सामना बरोबरीत आणला. ज्यांनी तो फटका पाहिला, त्यांच्या मुलांच्या अंगावर पुढे कित्येक वर्षे ११ क्रमांकाची जर्सी दिसली. २०१८ ची वर्ल्ड सिरीज त्याने जिंकली. २०२३ च्या जानेवारीत संघाने त्याच्याशी दहा वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार केला. रेड सॉक्सच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा करार. आता हा मुलगा इथेच म्हातारा होणार, असे मानायला चाहत्यांकडे पुरेसे कारण होते.

मग २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रेगमन आला: तीन वर्षे, १२ कोटी डॉलर आणि मधेच करार सोडण्याची मुभा. ब्रेगमनचे क्षेत्ररक्षण सरस, हे कोणीही मान्य करील. डेव्हर्सला तिसरा बेस सोडून केवळ फलंदाजी करायला, म्हणजे डेझिग्नेटेड हिटर व्हायला सांगितले गेले. आधी तो अडला, मग तयार झाला. मे महिन्यात पहिल्या बेसवरच्या ट्रिस्टन कसासचा गुडघा गेला आणि व्यवस्थापनाने डेव्हर्सला पुन्हा ग्लव्ह हातात घेऊन तिथे उभे राहशील का, असे विचारले. त्याने नकार दिला आणि तोही पत्रकारांसमोर. मालक जॉन हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याच्याशी बोलले.

डेव्हर्स इथे चुकला. एवढ्या मोलाच्या खेळाडूने संघ अडचणीत असताना मागे हटायला नको होते. पण ज्याच्याशी दहा वर्षांचा करार केला, त्याची जागा बदलताना आधी त्याला विश्वासात घेणे हे व्यवस्थापनाचेच काम होते.

१५ जूनला, फादर्स डेच्या दिवशी, घरच्या फेनवे पार्कवर रेड सॉक्सने यँकीजला २-० असे हरवून तीनही सामने खिशात घातले. त्यातली एक धाव डेव्हर्सच्या होम रनची. त्याच संध्याकाळी बातमी आली: डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे. बदल्यात चार खेळाडू मिळाले आणि कराराचे उरलेले २५ कोटींहून अधिक डॉलर जायंट्सने अंगावर घेतले. त्या चौघांपैकी जॉर्डन हिक्सची गोलंदाजी बॉस्टनमध्ये सपशेल पडली, तर एक तरुण फलंदाज जुलैअखेरीस दुसऱ्या ट्रेडमध्ये पुढे गेला. डेव्हर्सने मात्र सहाच दिवसांनी रेड सॉक्सविरुद्धच होम रन ठोकला.

हे घाव जुन्या जखमेवर बसले, म्हणून जास्त दुखले. २०२० च्या फेब्रुवारीत मूकी बेट्सला असेच जाऊ दिले होते. बेट्सही संघाने स्वतः निवडून वाढवलेला. २०१८ मध्ये त्याची सरासरी .३४६ होती, त्या वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघाने १०८ सामने आणि वर वर्ल्ड सिरीजही जिंकली. पण २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी संघाचा पगारखर्च लक्झरी टॅक्सच्या मर्यादेबाहेर गेला होता. सलग जितकी वर्षे मर्यादा ओलांडाल तितका कराचा दर चढत जातो आणि एकदा मर्यादेखाली आलात की तो पुन्हा मुळावर येतो. बेट्सच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. त्याला डॉजर्सकडे पाठवले, सोबत पिचर डेव्हिड प्राइसलाही दिले आणि प्राइसचा अर्धा पगारही बॉस्टननेच भरला. बदल्यात आले अलेक्स वर्दूगो, जेटर डाउन्स आणि कॉनर वाँग. डाउन्स बॉस्टनसाठी मोजकेच सामने खेळला. वर्दूगो २०२३ च्या अखेरीस यँकीजकडे गेला.

२०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना रेड सॉक्सच्या चाहत्यांनी कसा पाहिला असेल, याची कल्पना करावी. आठव्या इनिंगमध्ये डॉजर्सला ७-६ अशी आघाडी मिळवून देणारी धाव आली ती बेट्सच्या फटक्यावर. नवव्या इनिंगमध्ये यँकीजचा शेवटचा गडी बाद झाला तो वर्दूगो. बेट्सने डॉजर्सकडून २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या आहेत. त्याच्या जाण्यानंतर रेड सॉक्स २०२०, २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्या गटात तळाला राहिले. मधल्या काळात शॉर्टस्टॉप झँडर बोगार्ट्सही ११ वर्षांच्या, २८ कोटींच्या करारावर सॅन डिएगोला निघून गेला.

खेळाडू सोडणे हेच मुळात पाप, असे कोणी समंजस चाहता म्हणणार नाही. याच शहराने २००४ चा ३१ जुलै पाहिला आहे. नोमार गार्सियापारा त्या काळी बॉस्टनचा लाडका होता, दोनदा लीगमधली सर्वोच्च सरासरी त्याच्या नावावर होती. तेव्हाचा जनरल मॅनेजर थियो एपस्टीनने त्याला शिकागो कब्जकडे पाठवले आणि क्षेत्ररक्षण पक्के करणारे ऑर्लँडो कॅब्रेरा आणि डग मिएंटकेविच आणले. त्याच दिवशी वेगळ्या ट्रेडमध्ये डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स आला. ऑक्टोबरमध्ये यँकीज मालिकेत ३-० ने पुढे असताना, चौथ्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला आणि तिथून सगळे फिरले. १९१८ नंतर ८६ वर्षांनी बॉस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली, शेवटचा चेंडू मिएंटकेविचच्या ग्लव्हमध्ये विसावला. तो ट्रेड त्याच वर्षी जिंकण्यासाठी केला होता. बेट्सचा ट्रेड हिशेबाची वही सावरण्यासाठी केला होता. चाहत्यांना हा फरक कळतो. (तोच रॉबर्ट्स आज डॉजर्सचा मॅनेजर आहे, ही गोष्ट बॉस्टनकरांना विशेष लागते.)

मुंबईकडच्या वाचकांना हे दुःख नवे नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मुंबई इंडियन्सने पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माचे कर्णधारपद काढून गुजरातकडून आणलेल्या हार्दिक पंड्याला दिले. पुढच्या मोसमात वानखेडेवर स्वतःच्याच संघाच्या कर्णधाराची हुर्यो उडाली आणि संघ दहावा आला. रोहित निदान संघात तरी राहिला.

डेव्हर्सच्या ट्रेडचा निवाडा इतका सोपा नाही, हेही मान्य करायला हवे. तो गेला त्या दिवशी रेड सॉक्सची कामगिरी ३७ विजय, ३६ पराभव अशी होती. त्यानंतर त्यांनी ५२ जिंकले आणि ३७ हरले. संघाचे बेसबॉल प्रमुख क्रेग ब्रेस्लो यांनी २०२४ च्या डिसेंबरात व्हाइट सॉक्सकडून आणलेल्या गॅरेट क्रोशेने २५५ स्ट्राइकआउट घेऊन लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, १८ सामने जिंकले. चार गुणी तरुण देऊन केलेला तो ट्रेड अव्वल होता आणि त्याचे श्रेय ब्रेस्लो यांना मोकळ्या मनाने द्यायला हवे. २०२१ नंतर पहिल्यांदाच संघ प्लेऑफमध्ये गेला.

पण तिथे काय झाले? यँकीजविरुद्ध पहिला सामना क्रोशेच्या जिवावर ३-१ असा जिंकला. दुसरा ४-३ असा गेला. तिसऱ्यात कॅम श्लिटलर या नवख्या पिचरने आठ इनिंगमध्ये एकही धाव न देता १२ जणांना स्ट्राइकआउट केले आणि रेड सॉक्स ४-० असे हरून घरी आले. तीन सामन्यांत मिळून सहा धावा. तरुण फलंदाज रोमन अँथनी दुखापतीमुळे बाहेर होता. २०२५ मध्ये दोन्ही संघांकडून मिळून ३५ होम रन मारणारा डेव्हर्स तीन हजार मैलांवर होता. फलंदाजी अपुरी पडली, हे समजायला आकडेशास्त्र लागत नव्हते.

हिवाळ्यात ही उणीव भरून निघेल, अशी आशा होती. सोनी ग्रे आला, रेंजर सुआरेझ पाच वर्षांसाठी १३ कोटींना आला. दोघेही पिचर, दोघेही चांगले. पहिल्या बेससाठी सेंट लुइसहून विल्सन कॉन्ट्रेरास आला, तेही ठीक. पण काइल श्वार्बर, ज्याने २०२५ मध्ये ५६ होम रन मारले आणि जो २०२१ मध्ये फेनवेवर खेळून गेला आहे, तो फिलाडेल्फियातच राहिला. पीट अलोन्सो बॉल्टिमोरला गेला, म्हणजे आता तो आपल्याच गटात आपल्याविरुद्ध खेळणार. ब्रेगमनने करारातली मुभा वापरली आणि जानेवारीत कब्जशी पाच वर्षांचा, साडेसतरा कोटींचा करार केला. त्याच्या करारात बाहेर पडण्याची वाट ठेवली होती ती रेड सॉक्सनेच. ज्या ब्रेगमनमुळे डेव्हर्सशी बिनसले, त्याला तरी राखायला हवे होते.

अँथनीशी २०२५ च्या ऑगस्टमध्ये आठ वर्षांचा, १३ कोटींचा करार झाला आहे. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता; त्याची नजर चेंडूवर विलक्षण स्थिर असते आणि मंडळातल्या मुलांनी त्याच्या जर्सी घ्यायला सुरुवात केली आहे. या वार्तापत्राची रेड सॉक्सच्या मालकांकडे मागणी एवढीच: कराची मर्यादा ओलांडावी लागली तरी ओलांडा, अँथनीच्या मागे मधल्या फळीत एक दमदार फलंदाज ट्रेडच्या मुदतीआधी आणा आणि २०३० साली हाच मुलगा हिशेबाच्या वहीत बसत नाही, असे सांगू नका.