वंशावळीतल्या गाळलेल्या जागा

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी येते, त्या दिवशी आमचे विखुरलेले घर एकत्र येते. एका वारीला आमच्यातल्या काहींनी दोन वर्षे खपून सिद्ध केलेली वंशावळ सोप्याच्या भिंतीवर लावली. चौदा पिढ्या, मुळाशी मालोजीराजांच्या पदरचा एक शिलेदार, शेंड्याला पाळण्यातला मुलगा. सर्वांनी वाखाणली. ऐंशी ओलांडलेल्या आत्यांनी ती नातवाकडून वरपासून खालपर्यंत वाचून घेतली आणि एवढेच विचारले, "ह्यात मी कुठं हाय?"

त्या नव्हत्या. त्यांच्या तिघी बहिणीही नव्हत्या. हा लेख त्या प्रश्नाला आमचे उशिराचे उत्तर आहे, आणि ते आमच्याच विरुद्ध जाणारे आहे.

आमचे म्हणणे असे की, आपण जिला वंशावळ म्हणतो ती पूर्वजांची यादी नसतेच. ती मिळकतीच्या वारसांची यादी असते. तिचा जन्मच मुळी तंट्यातून झाला. पाटीलकी कोणाची, वडीलपणाचा मान कोणाचा, यावरून भाऊबंद गोतसभेपुढे उभे राहत. तेथे महजर होत, करीने लिहिले जात आणि पिढ्या सांगाव्या लागत. जेधे करीना इतिहासाचे अनमोल साधन आहे, पण तोही वतनदार घराण्याचा कागद आहे. ज्याला वतन मिळत नाही त्याचे नाव अशा कागदाला नको असते.

इंग्रजी अमदानीत कागद बदलला, त्याची नजर बदलली नाही. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या जमीन मोजणीची सुरुवात १८३० च्या दशकात झाली ती आमच्याच इंदापूर तालुक्यात. त्या मोजणीला तुमचे पूर्वज कोण हे जाणून घ्यायचे नव्हते. सारा कोण भरणार हे ठरवायचे होते. आमच्या वंशावळीतले कागदाचा आधार असलेले सर्वांत जुने नाव याच व्यवस्थेतल्या एका खातेदाराचे आहे. त्याच्या वरच्या साऱ्या पिढ्या हौसेने चढवलेल्या. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे, म्हणून भोवतालच्या प्रत्येक घराण्याला आपला मूळपुरुष तिच्या पायरीवर उभा दिसतो. नांगर धरणारा मूळपुरुष कोणालाच नको!

आता थोडे गणित. प्रत्येकाला आईबाप दोन, आजी-आजोबा चार. असे दहा पिढ्या मागे गेले की त्या एका पिढीतच १,०२४ जागा होतात आणि दहाही पिढ्यांची बेरीज २,०४६ भरते. मामाची मुलगी करण्याची चाल असल्याने यांतल्या काही जागी तेच माणूस पुन्हा येईल, हे मान्य. तरीही वंशावळ या २,०४६ जागांपैकी दहाच भरते आणि वर तिलाच 'आमचे रक्त' म्हणते. आमची पणजी दुष्काळात माण तालुक्यातून चालत नीरेच्या डाव्या कालव्यावर कामाला आली आणि येथेच राहिली. आमच्या शरीरात तिचा वाटा पणजोबांइतकाच. वंशावळीत तिच्यासाठी शब्द होते दोन: 'पत्नी एक'.

यावर आक्षेप ठरलेला: घराण्याचे नाव मुलाकडून चालते; मुली धरल्या तर झाड आवरणार कसे? हे खरे, कागद मोठा लागेल. पण मग त्या कागदाला आडनावाचा प्रवास म्हणावे, पूर्वजांचा शोध म्हणू नये. छापील कुलवृत्तान्तांनी निदान सुनांची माहेरे टिपण्याची पद्धत पाडली. मात्र तेथेही लेक लग्न होऊन गेली की फांदी तुटते.

सर्वांत बोचरी गोष्ट पुढेच आहे. १९७८ साली आजोबा वारले, तेव्हा तलाठ्याच्या वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, चौघी मुलींची नावे भावांच्या बरोबरीने लागली होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच ती लावायला भाग पाडले. थोड्याच दिवसांत चौघींनी हक्कसोडपत्रावर अंगठे उठवले आणि सातबाऱ्यावरून त्या गेल्या. म्हणजे सरकारी दप्तराने त्यांना निदान काही दिवस घरातले मानले. आम्ही प्रेमाने रंगवलेल्या झाडाने तेवढेही मानले नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. वंशावळी रंगवणाऱ्यांपर्यंत ती बातमी पोहोचलेली दिसत नाही.

२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणारे शोधले गेले. लोकांना आपल्या खापरपणजोबांचे नाव प्रथमच कळले, हे चांगलेच झाले. पण जातीच्या पडताळणीत ग्राह्य धरले जाते ते वडिलांकडचे रक्तनाते. गरज वडिलांकडच्या कागदाची, म्हणून शोधही तेवढाच. आईच्या बाजूचे कागद त्याच कपाटात वाळवी खात राहतात.

मग करावे काय? शोध गढीपासून नव्हे, घरातल्या सर्वांत वृद्ध बाईपासून सुरू करावा. तिचे माहेर, तिच्या आईचे माहेर, लग्नात बदललेले नाव आणि त्याआधीचे नाव विचारावे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आई, भाऊ, माहेर यांची बायकांनी राखलेली आठवण तेथे आहे. ती कोणत्याही वहिवाटीच्या कागदात नाही. अशी आठवण सांगणारी पिढी आता फार दिवसांची सोबती नाही. मोडी कागद शंभर वर्षे थांबला, आत्या थांबणार नाहीत.

आम्ही ती वंशावळ उतरवली. शिलेदार खोडला. नव्या कागदावर आत्या आणि त्यांच्या बहिणी, त्यांची लेकरे, माणची पणजी यांच्यासाठी जागा आखल्या. त्यांतल्या निम्म्या अजून रिकाम्या आहेत, पणजीचे माहेरचे नावही सापडलेले नाही. नाव लिहिले म्हणजे जमिनीचा हिशेब फिटला असे नाही, हेही आम्ही जाणतो. तो हिशेब आत्यांसमोर बसूनच करावा लागेल, आणि त्याला पुढच्या पालखीपर्यंत थांबणे बरे नव्हे.