हिशोब कुणाच्या वहीत?

सुरुवातीलाच कबूल करतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. आम्हाला शाळेत 'प्रिन्सिपल अमाउंट' शिकवली, पण 'मुद्दल' हा शब्द मला दहावीनंतर कळला. व्याजाची गणितं मी पैकीच्या पैकी सोडवायचो. 'हातउसने', 'खर्ची' आणि 'उचल' हे शब्द मात्र इथे बीडला येऊन, माझ्या रूममेटकडून शिकलो. आज लिहायचंय ते त्याच्याबद्दल, माझ्या कर्जाबद्दल आणि थोडंसं तुमच्याबद्दलही.

गोष्ट सेकंड इयरची. एका मित्राचा बड्डे होता. हायवेवरच्या धाब्यावर आम्ही १४ जण. पनीर, काजू मसाला, मग 'अजून एक रोटी सांग रे', मग आइस्क्रीम. शेवटी नेहमीचा सीन! बिल आलं, कुणीतरी मोबाइलवर भागाकार केला आणि 'प्रत्येकी ३१०' असं जाहीर झालं. माझ्या खात्यात तेव्हा ४० रुपये होते. मी काय केलं? हसत हसत म्हणालो, "टाक रे माझे, उद्या देतो."

हा 'उद्या' माझा फार जुना दोस्त. रूमवर येऊन झोप येईना म्हणून पहिल्यांदाच सगळ्या 'उद्यां'ची बेरीज केली. मेसच्या काकूंचे एका महिन्याचे २,६००. झेरॉक्सवाल्याचे ६००. इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी एका मित्राकडून घेतलेले ३,५००. आणि चहा, पिक्चर, बड्डे अशा किरकोळ काँट्रीचे मिळून २,७००. एकूण ९,४०० रुपये! नोकरी नाही, मिशा धड फुटलेल्या नाहीत आणि मी साडेनऊ हजारांचा कर्जदार.

बरं, हे फक्त माझं. त्याच्यावर पप्पांनी माझ्या नावावर काढलेलं शैक्षणिक कर्ज होतंच. तोपर्यंत बँकेने २,४०,००० दिले होते. 'नोकरी लागल्यावर फेडायचं' एवढंच मी ऐकलं होतं. शिकत असताना हप्ता नसतो हे खरं, पण व्याज सुरूच असतं. १० टक्के धरा. वर्षाला २४,००० म्हणजे रोजचे साधारण ६६ रुपये. मी लेक्चरला बसलो तरी ६६, बंक केलं तरी ६६, रविवारी दुपारपर्यंत लोळलो तरी ६६. हे गणित मला सातवीपासून येत होतं. फक्त ते कधी स्वतःवर करून पाहिलं नव्हतं.

(जाता जाता कामाचं सांगतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातलं व्याज भरणारी केंद्र सरकारची अनुदान योजना २००९ पासून आहे. तिला अटी आहेत. आपलं कर्ज आणि आपला कोर्स त्यात बसतो का, ते बँकेत जाऊन विचारा. आमचं बसलं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.)

आता रूममेटकडे येतो. त्या बड्डेला तो आला नव्हता. तो कुठल्याच पार्टीला यायचा नाही. गोव्याच्या इंडस्ट्रियल व्हिजिटलाही आला नाही. आम्ही त्याचं नाव 'कंजूष' ठेवलं होतं आणि ते त्याला माहीत होतं. त्या रात्री मला जागा बघून तो उठून बसला. मी खरं ते सांगून टाकलं. तो हसला नाही. म्हणाला, "तुझा हिशोब दुसऱ्याच्या डोक्यात हाय. म्हणून तुला भेव वाटायलंय. वहीत उतरव, भेव निम्मं हुतंय."

आणि त्याने स्वतःची वही दाखवली. पहिल्या पानापासून चहाचे १० रुपयेसुद्धा लिहिलेले.

ही सवय त्याला कुठून लागली, हे ऐकण्यासारखं आहे. तो शिरूर कासार तालुक्यातला. आई-वडील ऊसतोड करतात. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी गावं दिवाळीच्या सुमारास अर्धी रिकामी होतात, लोक पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात, हे आपल्याला माहीत असतं. मलाही 'न्यूज' म्हणून माहीत होतं. पण त्यातलं अर्थशास्त्र माहीत नव्हतं. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. सीझनच्या आधी मुकादम त्यांना एकरकमी पैसे देतो, ती उचल. मग सीझनभर ऊस तोडून ती फेडायची. मधे आठवड्याला, पंधरवड्याला किराणाला पैसे मिळतात, ती खर्ची. तीही उचलीतच जमा होते. एक दिवस आजारी पडलं, कामावर गेलं नाही, की खाडा. त्याचा दंड कापला जातो.

आपण इंजिनिअर, तेव्हा आकडे टाकून बघू. २०२४ च्या जानेवारीत मजुरी ३४ टक्के वाढली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. एका कोयत्याने १ लाख उचल घेतली असेल तर ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. दोघांनी दिवसाला दोन टन तोडला तर १३७ दिवस. एकही खाडा न करता! म्हणजे जवळजवळ पूर्ण सीझन, पहाटेच्या थंडीत, मोळ्या डोक्यावर वाहून, कोपीत राहून. आणि त्या १३७ दिवसांची खर्ची वेगळीच.

मग मी माझी ३१० ची पार्टी त्या दराने मोजली. ८४७ किलो ऊस. माझी एकूण उधारी? जवळजवळ २६ टन. दोन माणसांची १३ दिवसांची तोड. हे वाचून तुम्ही रडावं अशी माझी अपेक्षा नाही. रूममेटलाही ते आवडणार नाही. तो स्वतः म्हणाला, "उचल वाईट नसती रे. उचलीतनंच माझी बारावीची फी भरली. पण किती फिटलं ते मुकादमच सांगणार, हे वाईट."

म्हणून सातवीत असल्यापासून तो वडिलांची वही लिहायचा. वजनाच्या पावत्या, खर्चीच्या तारखा, खाडे, सगळं. एका वर्षी सीझन संपताना मुकादमाची बाकी आणि याची बाकी यांच्यात ११,००० चा फरक आला. याच्या वडिलांनी ती शाळेची वही पुढे ठेवली. बरीच बोलाबोली झाली, पण शेवटी निम्मे कमी झाले. सातवीतल्या पोराच्या अक्षरातल्या वहीने साडेपाच हजार वाचवले!

माझा मुद्दा एवढाच आहे. कर्ज असणं ही लाजेची गोष्ट नाही. आपल्या कर्जाचा हिशोब आपल्याकडे नसणं ही धोक्याची गोष्ट आहे.

हे आजचंच नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. या उठावात लोकांनी काय जाळलं? मुख्यतः खतं आणि चोपड्या, म्हणजे सावकाराकडचे कर्जाचे कागद. न वाचता येणाऱ्या माणसाने अंगठा उठवलेल्या त्या कागदातच आपण अडकलोय, हे त्यांना बरोबर कळलं होतं. मग १८७९ मध्ये कायदा झाला आणि शेतकऱ्याला सावकाराकडे पावती आणि हिशोबाचा उतारा मागायचा हक्क मिळाला. आपलं बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, तो कायदा इथे नव्हता. पण धडा आपल्यालाही लागू आहे. अंगठा उठवणाऱ्याची पंचाईत समजू शकते. आपण तर सही करणारे, कॅल्क्युलेटर वापरणारे लोक! आपण का म्हणून आंधळेपणाने 'ओके' दाबायचं?

हो, 'ओके'वरून आठवलं. आपल्या वर्गातले काही जण मोबाइलवरच्या झटपट लोनच्या नादी लागलेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये यासाठी नियम केलेत. कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात आले पाहिजेत, सगळे चार्जेस आधी लेखी दाखवले पाहिजेत आणि ठराविक दिवसांत मुद्दल व तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता आलं पाहिजे. हे जिथे दिसत नाही तिथून पळा. आणि बड्डेच्या ट्रीटसाठी तर ते घेऊच नका. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, ही म्हण आपल्या आजीने उगाच नाही सांगितली.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण नुसतं भाषण द्यायला मी कोण? घरून महिन्याला ५,५०० येतात. खोली १,५००, मेस २,६००, रिचार्ज-झेरॉक्स-साबण ५००. उरले ९००. यात फेडायचं काय? म्हणून दहावीच्या दोन पोरांच्या इंग्रजी-गणिताच्या ट्यूशन धरल्या. कॉन्व्हेंटचा असाही उपयोग! त्याचे १,५०० मिळतात. ते आले की त्याच दिवशी उधारीत जातात, माझ्याकडे रात्रभरही राहत नाहीत. आधी कुणाचे फेडायचे? मला वाटलं, जो जास्त तगादा लावतो त्याचे. रूममेट म्हणाला, ज्याचं अडलंय त्याचे. मेसच्या काकूंनी कधीच मागितले नव्हते, पण सिलिंडर त्यांना रोख घ्यावा लागतो. म्हणून पहिले त्यांचे दिले. त्या दिवशी ताटात भाजी जरा जास्त पडली असं मला तरी वाटलं!

उरलेल्या ९०० मधले ६०० एस.टी., चहा आणि अडीअडचणीला. आणि ३०० 'मजा' या नावाने वेगळे. मजा शून्य केली की बजेट १० दिवसांत मोडतं, हा माझा अनुभव आहे. पहिल्या महिन्यात मी शून्यच केली होती आणि ११ व्या दिवशी आईस्क्रीमवर १८० उडवले. फॅक्टर ऑफ सेफ्टी न ठेवता डिझाइन केलं तर दुसरं काय होणार?

सगळ्यात अवघड काय होतं सांगू? पैसे वाचवणं नाही. "माझं बजेट नाही" हे चार लोकांत बोलणं. पहिल्यांदा बोललो तेव्हा कान गरम झाले. दोन सेकंद शांतता. आणि मग काय व्हावं? ज्याचा बड्डे होता तोच म्हणाला, "बरं झालं बोललास, माझंही नव्हतं." त्या वर्षी आम्ही श्रावणात कपिलधारचा धबधबा बघायला गेलो, डबे बांधून. दुसऱ्यांदा खजाना बावडीवर. सोळाव्या शतकातलं ते पाण्याचं इंजिनिअरिंग बघून आमचे सिव्हिलवाले तासभर हलेनात. दोन्ही वेळेला रूममेट आमच्यासोबत होता. म्हणजे तो कंजूष नव्हता. आम्हीच प्रत्येक वेळी त्याला परवडणार नाही अशी जागा निवडत होतो आणि वर त्यालाच नावं ठेवत होतो. याची मला खरंच लाज वाटते.

म्हणून वर्गातल्या सगळ्यांना आणि गॅदरिंग कमिटीला तीन गोष्टी सुचवतो. एक, कुठल्याही कार्यक्रमाची काँट्री आठ दिवस आधी सांगा, बिल आल्यावर नाही. दोन, कुणी दिली, कुणी नाही दिली ही यादी ग्रुपवर टाकणं बंद करा. तीन, इंडस्ट्रियल व्हिजिट! परळीचं थर्मल पॉवर स्टेशन आपल्याच जिल्ह्यात असताना आपला टर्बाइनचा अभ्यास गोव्याच्या बीचवरच का होतो, याचा विचार व्हावा. गोव्याला जरूर जा, पण तिला सहल म्हणा. म्हणजे ज्याला परवडत नाही त्याला 'अभ्यास बुडवला' असं वाटणार नाही.

काही जण म्हणतील, "अरे, हे दिवस परत येणार आहेत का? एंजॉय कर!" मान्य. दिवस परत येणार नाहीत. पण बँकवाले येणार आहेत! आणि खरं सांगू, आता बिल आल्यावर माझ्या पोटात गोळा येत नाही. त्यामुळे मी आधीपेक्षा जास्त एंजॉय करतो.

सहा महिन्यांत ९,००० फिटले. ४०० राहिलेत, हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर तेही फिटलेले असतील. बँकेचे मोठे कर्ज अजून उभंच आहे, पण आता त्याचा आकडा मला पाठ आहे. परवा पप्पांना फोनवर तो सांगितला. पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू लिहून ठेवतोस? मग आता मला एकट्यालाच लक्षात ठेवायला नको."

मित्रांनो, २० रुपयांची वही मिळते. आजच घ्या. आणि पहिल्या पानावर पहिला खर्च लिहा, वही २० रुपये.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल