गुलाबी मिठाचा भाव

टेंभी नाक्यावर देवीचा मांडव उभा राहिला की जांभळी नाक्याच्या बाजारात उपवासाच्या सामानाला गर्दी होते. साबुदाणा, वरी, शेंगदाणे आणि शेजारी गुलाबी सैंधव. साधं आयोडिनयुक्त मीठ किलोला ३० रुपयांच्या आसपास, सैंधव सहज तिप्पट-चौपट. नऊ दिवसांपुरतं घेतलं तर काहीच हरकत नाही. श्रद्धेचा हिशेब किलोवर होत नसतो.

पण आता दसरा झाला तरी हे मीठ स्वयंपाकघरातून हलत नाही. आमच्याकडेही रील बघून रोजच्या भाजीत तेच पडायला लागलं. 'पांढरं म्हणजे केमिकल, गुलाबी म्हणजे नॅचरल!' खरं तर दोन्ही जवळपास सगळंच सोडियम क्लोराइड. गुलाबी रंग येतो लोहाच्या अंशामुळे. बाकी खनिजं इतकी नगण्य, की त्यांचा फायदा व्हायला मीठ मुठीने खावं लागेल. 'हिमालयन' नावाने विकलं जाणारं हे मीठ मुख्यतः पाकिस्तानी पंजाबातल्या खेवडाच्या खाणीतलं. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्याच मालावर बंदी घातली. म्हणजे आपण पैसे मोजतो ते दुर्मीळपणाचे आणि रंगाचे, तब्येतीचे नाही.

उलट तब्येतीची गोष्ट त्या स्वस्त पुडीत आहे. आयोडिन कमी पडलं तर थायरॉइड बिघडतो, गलगंड होतो. गरोदरपणात कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणूनच थेट खाण्यासाठी बिनआयोडिनचं मीठ विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. आपल्या हातात पुडी येते तेव्हा तिच्यात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडिन असायला हवं. सैंधवात मुळात ते नसल्यातच जमा. लोणच्यासाठी आणतो त्या मिठागरातल्या जाड्या मिठाचंही तसंच. तेव्हा पुडी उलटी करा आणि 'आयोडिनयुक्त' हा शब्द शोधा.

आणि रंग कुठलाही असो, जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. म्हणजे एक छोटा चमचा. त्यात वेफर्स, चिवडा, नूडल्स सगळं आलं.

आमच्या घरी सध्या तह झालाय. उपवासाला सैंधव, रोजच्या आमटी-भाजीला ३० रुपयांचं. आईला अजून पुरतं पटलेलं नाही, पण बरण्या दोन झाल्यात.