एका अपक्षाचे राज्य

सत्तेचे गणित मांडताना नीतीचा हातचा विसरला, तर उत्तर काय येते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने झारखंडचा इतिहास वाचावा. दीर्घ संघर्षानंतर १५ नोव्हेंबर २००० रोजी जन्माला आलेल्या या खनिजसमृद्ध राज्यातील वनवासी बांधवांनी स्वप्न पाहिले ते स्वाभिमानाचे. पदरात पडला तो मात्र घोडेबाजार!

२००५च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत ८१ जणांच्या विधानसभेत बहुमताचा ४१ हा आकडा कोणालाच गाठता आला नाही. भाजप ३० आणि जनता दल (संयुक्त) ६ अशी रालोआची संख्या ३६ होती. समोर झारखंड मुक्ती मोर्चाचे १७ आणि काँग्रेसचे ९ मिळून अवघे २६! रालोआने पाच आमदारांच्या पाठिंब्यासह ४१ची यादी सादर केली. तरीही राज्यपाल सय्यद सिब्ते रझी यांनी २ मार्च रोजी शपथ दिली ती शिबू सोरेन यांना. राजभवनाला बेरीज येत नव्हती, की ती करायचीच नव्हती? अखेर ९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेलाच सभागृहात बलपरीक्षा घेण्याचा आदेश दिला. सोरेन यांना पायउतार व्हावे लागले आणि १२ मार्चला अर्जुन मुंडा मुख्यमंत्री झाले.

येथे सत्याचा विजय झाला, असे म्हणून थांबता आले असते. परंतु हितचिंतकाने कटू सत्यही सांगावे लागते. मुंडा सरकारचा पाया अपक्षांच्या मर्जीवर उभा होता. ज्या मधू कोडांना भाजपने उमेदवारी नाकारली, तेच अपक्ष म्हणून निवडून येताच मंत्री झाले. दारातून बाहेर काढलेल्याला खिडकीतून आत घेतले, तर घराचे रक्षण कसे होणार? सप्टेंबर २००६मध्ये कोडा आणि त्यांचे सोबती फिरले, सरकार कोसळले आणि काँग्रेस, झामुमो व राजद यांच्या कृपेने हाच अपक्ष मुख्यमंत्री झाला! ना पक्ष, ना जाहीरनामा, ना जनादेश. ही कृपा जवळपास दोन वर्षे टिकली. पुढे डिसेंबर २०१७मध्ये कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणात कोडांना तीन वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्या राजवटीची किंमत देशाला कळली.

दोष केवळ व्यक्तीचा नाही. दहाव्या परिशिष्टानुसार अपक्ष आमदार एखाद्या पक्षात गेला, तर अपात्र ठरतो. मात्र आज याला, उद्या त्याला पाठिंबा देऊन मंत्रिपद मिळवायला त्याला पूर्ण मोकळीक! त्यात २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने झारखंडचे मंत्रिमंडळ बारा जणांवर आणले. उधळपट्टी रोखणारी ही मर्यादा योग्यच. पण जागा कमी झाल्या, तशी काठावरच्या आमदाराची किंमत वाढली.

यावर उपाय कायद्याइतकाच पक्षांच्या निग्रहात आहे. २०१४च्या निवडणुकीपूर्वीच्या एकाही मुख्यमंत्र्याला तेथे पाच वर्षे पूर्ण करता आली नाहीत. ज्याला उमेदवारीस अयोग्य ठरवले, त्याला सत्तेसाठी योग्य ठरवू नये. संख्या नसेल, तर विरोधी बाकांवर बसावे. प्रतिस्पर्ध्याच्या घोडेबाजाराचा निषेध करण्याचा अधिकार, स्वतः त्या बाजाराकडे पाठ फिरवणाऱ्यालाच असतो. सत्ता पाच वर्षांनी पुन्हा मागता येते, गमावलेली पत नाही.