सावलीतले तापमान

दरवर्षी मार्च सरत आला की मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत एक लेख छापून येतो. लेखक बदलतो, लेख तोच राहतो. त्यात माठ असतो, वाळा असतो, कैरीचे पन्हे असते, गच्चीवर टाकलेल्या गाद्या असतात, मामाच्या गावी नेणारी आगगाडी असते आणि शेवटी 'ते उन्हाळे आता राहिले नाहीत' असा एक उसासा असतो. आमचा या लेखावर आक्षेप आहे. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. अनेकांचा माठही खरा होता आणि मामाही. परंतु उन्हाळ्याविषयी लिहिण्याची मराठीतली ही जवळजवळ एकमेव मान्य रीत होऊन बसली आहे, आणि नीट पाहिले तर तो लेख उन्हाळ्यावर नसतोच, सुट्टीवर असतो.

हा भेद बारीक वाटेल, पण सगळा वाद त्यातच आहे. सुट्टी ज्यांना मिळते त्यांचा उन्हाळा स्मरणरंजनाला पुरतो. ज्यांना ती मिळत नाही त्यांचा उन्हाळा लिहिलाच जात नाही, आणि लिहिला न गेल्यामुळे तो अस्तित्वातच नाही असे मानण्याची सोय सगळ्यांना होते.

आम्ही वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या शहरात मराठी शिकवतो. एप्रिल-मे हे आमच्याकडे परीक्षांचे आणि उत्तरपत्रिकांचे महिने. या दिवसांत दुपारी बारानंतर जे शहर आम्हांला दिसते ते त्या लेखात कधी भेटत नाही. चौकात सिग्नल लागला की दुचाकीस्वार पांढऱ्या रेषेपाशी थांबत नाहीत. पन्नास फूट मागे, कडुनिंबाची सावली जिथे संपते तिथे थांबतात. सायकल असो की नवीकोरी मोटारसायकल, सगळे एका झाडाखाली दाटीवाटीने उभे राहतात. रस्ता रुंद झाला, सिमेंटचा झाला आणि झाड गेले, की ती रांग पुढे सरकते व प्रत्येकजण आपापले ऊन घेऊन उभा राहतो. नळाला पाणी किती दिवसांआड येणार यावर घराघरांतले वेळापत्रक ठरते. पाणी आले की टिल्लू पंपांचा आवाज गल्लीभर सुरू होतो, आणि ज्याच्याकडे पंप नाही त्याच्या नळाला नुसती हवा येते. ऐन लग्नसराईत भर दुपारच्या वरातीत जाड कापडाचा, सोनेरी पट्ट्यांचा गणवेश घालून बँडवाले तासन्‌तास वाजवत असतात. वऱ्हाडी मंडळी मधूनच मंडपाच्या कडेला सावलीला जातात. बँडवाल्यांना तशी मुभा नसते.

हे सारे वर्तमानपत्रात एका आकड्यात येते : कमाल तापमान ४५. हा आकडा कुठला, याचा विचार आपण साहित्याचे लोक सहसा करत नाही. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवलेला असतो. सरळ ऊन त्याला लागू नये आणि वारा मात्र खेळता राहावा, अशी ती रचना असते. शास्त्राच्या दृष्टीने ती योग्यच आहे, कारण मोजायची असते ती हवा. पण याचा अर्थ असा की ४५ हे सावलीतले तापमान आहे. डांबर ओतणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, स्लॅब टाकणाऱ्या माणसाचे ते नव्हे. त्याच्या अंगावर वरून सूर्य आणि खालून रस्ता अशी दोन उन्हे असतात.

दुसरी गोष्ट 'उष्णतेची लाट' या शब्दाची. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असावे आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश तरी वर गेलेले असावे, किंवा मग ते थेट ४५ला पोचावे, म्हणजे लाट म्हणायची, अशी हवामान खात्याची व्याख्या आहे. जिथे मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या वर आहे, तिथे ४४ अंशांचा दिवस या हिशेबाने सर्वसाधारण ठरू शकतो. शास्त्रज्ञांशी आमचे भांडण नाही. त्यांना कुठेतरी रेघ ओढावीच लागते. रेघेच्या खाली जे राहते ते पाहण्याचे काम साहित्याचे होते. 'सर्वसाधारण' या शब्दाआड किती माणसे उभी आहेत हे सांगण्याचे काम कथाकाराचे आणि कवीचे होते. ते झाले काय?

आमच्या मते झाले, पण तुरळक. आणि जे झाले ते आम्हां शिक्षकमंडळींच्या व्यवसायाने निष्प्रभ करून टाकले. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) घ्या. वऱ्हाडातल्या कष्टकरी कुटुंबाची, कौतिकची ही कादंबरी अनेक अभ्यासक्रमांतून शिकवली गेली. तिच्यावर ठरलेला प्रश्न कोणता? 'शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा.' उत्तरही ठरलेले : धग म्हणजे परिस्थितीची धग, दारिद्र्याची धग. एवढे लिहिले की गुण मिळतात. शेळक्यांना हा शब्द वऱ्हाडच्या बोलण्यातून मिळाला, तिथे तो चुलीजवळ, तापल्या भिंतीजवळ, दुपारच्या वाऱ्यात रोज अंगाला लागतो, हे उत्तरपत्रिकेत कुठे येत नाही. प्रतीक हाती लागले की वस्तू फेकून द्यायची, ही आपल्या समीक्षेची जुनी खोड आहे.

बालकवींचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांचा जन्म १८९० सालचा, धरणगावचा. खानदेशातला उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या गावचा मे कसा असतो हे सांगायला नको. मराठी मनात मात्र बालकवी म्हणजे श्रावण. ५ मे १९१८ रोजी, ऐन उन्हाळ्यात, भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला. श्रावण आपण कवितेत शिकवतो. मे महिना कविपरिचयात तारखेपुरता येतो. वास्तविक त्या कवितेतली हिरवाई इतकी आतुर का आहे, हे समजून घ्यायचे तर आधीचे चार महिने माहीत असायला हवेत. पुण्या-मुंबईत बसून वाचली तर ती निसर्गकविता आहे. धरणगावात वाचली तर ती तहान भागल्याची कविता आहे. हे दुसरे वाचन आपल्या पाठ्यपुस्तकांना सुचू नये, याचे आम्हांला नवल वाटते.

परंपरेत याचा वारसा नाही असेही नाही. कालिदासाचे 'ऋतुसंहार' ग्रीष्मापासूनच सुरू होते. त्यातला ताप असा की मोराच्या पिसाऱ्याखाली साप येऊन पडतो आणि सापाच्या फण्याखाली बेडूक. सावलीसाठी जन्मजात वैरी एकत्र येतात. ऊन ही केवळ निसर्गाची गोष्ट नाही, ती कोण कोणाजवळ बसू शकतो याचीही गोष्ट आहे, हे त्या कवीला कळले होते. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'ने (१९५६) झाडे-पाने-फुले बारकाईने पाहण्याची दृष्टी मराठी गद्याला दिली. तिचे ऋण मोठे आहे. परंतु पुढे त्यांच्या अनुकरणाने जे ललित गद्य फोफावले त्यात पळस, पांगारा, बहावा, गुलमोहर यांची हजेरी चोख असते. त्या झाडाखाली चपला शिवत बसलेला माणूस तेवढा दिसत नाही. झाड दिसते आणि सावली दिसत नाही, असे हे निसर्गप्रेम आहे.

आता साहित्यव्यवहाराचे पाहू. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१९ साली यवतमाळला झाले, जानेवारीत. २०२३ साली वर्ध्याला झाले, फेब्रुवारीत. २०२४ साली अमळनेरला झाले, फेब्रुवारीत. महाराष्ट्राच्या सर्वांत तापणाऱ्या पट्ट्यातली ही गावे साहित्यिकांनी पाहिली ती हुरड्याच्या आसपासच्या दिवसांत, गुलाबी थंडीत. अपवाद उदगीरचा : तिथे २०२२ साली एप्रिलच्या उत्तरार्धात संमेलन भरले. व्यवस्थेच्या अडचणी आम्हांला मान्य आहेत. मंडपात चक्कर येऊन कोणी पडावे अशी आमची इच्छा नाही. मात्र हा योगायोग लक्षात ठेवावा की ज्या ऋतूत इथले जगणे सर्वांत कठीण असते, त्या ऋतूत मराठी साहित्य इथे सहसा येत नाही. आपले वाङ्मयीन वर्ष दिवाळी अंकापासून संमेलनापर्यंत थंडीचे आहे. उन्हाळ्याला आपण साहित्याची सुट्टी दिली आहे.

साहित्याने सुट्टी घेतली म्हणून भाषा रिकामी राहत नाही. तिथे शासनाची भाषा येऊन बसते. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून त्याच शहरात फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू झाले. २०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस अकोल्यात तेच कलम लागू झाले, या वेळी उन्हामुळे. मालकांनी कामगारांसाठी पाणी व पंखे ठेवावेत, शिकवणी वर्ग भर दुपारी भरवू नयेत असे त्यात होते. आदेशातला आशय मनुष्यतेचा होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण पाहा : ज्या कलमाची लोकांना ओळख दंगलीच्या वेळची, त्या कलमाच्या भाषेत आपल्याला आपल्याच उन्हाळ्याविषयी बोलावे लागले. आता नव्या संहितेत त्याचा क्रमांक १६३ झाला आहे. क्रमांक बदलला, शब्दसंपत्ती तीच. तहान आणि ऊन यांच्यासाठी आपल्याकडे दोनच भाषा उरल्या आहेत, पन्ह्याची आणि जमावबंदीची.

याची किंमत कोण देतो, हे आम्ही वर्गात पाहतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला 'आमचा उन्हाळा' या विषयावर दोन पाने लिहायला सांगितली, तर निम्म्याहून अधिक मुले मामाच्या गावाला जातात. आंब्याची झाडे, विहिरीत पोहणे, आजीच्या गोष्टी. यातल्या एका मुलाचे वडील बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात आणि सुट्टीत तो स्वतः त्यांच्याबरोबर दिव्यांची झुंबरे डोक्यावर घेऊन चालतो, हे आम्हांला ठाऊक होते. विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, ते निबंधात चालत नाही ना." त्याचा मामा त्याच शहरात, दोन गल्ल्या पलीकडे राहतो. हा मुलगा खोटे लिहीत नव्हता. मराठीत उन्हाळा म्हणून जे चालते ते तो इमानाने लिहीत होता. ज्या वाङ्मयाने एखाद्याला त्याचे स्वतःचे आयुष्य 'निबंधात न चालणारे' ठरवायला शिकवले, त्या वाङ्मयाचा निरागसपणा आम्ही मान्य करत नाही.

यावर आक्षेप येतील. साहित्य म्हणजे हवामानाचा अहवाल नव्हे, हा पहिला. मान्य. पण मग ते सुट्टीचा अहवाल तरी का असावे? दुसरा आक्षेप असा की ऊन पूर्वीही होतेच, आजच एवढा आक्रोश कशाला? पूर्वी जाड मातीच्या भिंती होत्या, धाब्याची घरे होती. आता सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा आहे. पत्रा दिवसा भाजतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते परत देतो. शेजारच्या घरातले वातानुकूलन यंत्र आतली उष्णता बाहेर गल्लीत टाकते. एका घराचा गारवा हा दुसऱ्या घराचा उकाडा असतो. कूलर आमच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण तो पाणी पितो, आणि पाणी मोजके आहे. माणसांनी प्यावे की कूलरने, असा हिशेब मांडणारी घरे आमच्या शहरात आहेत. हा हिशेब म्हणजे कथावस्तू नाही काय?

तिसरा आक्षेप भाषेचा : या अनुभवाला शब्द नाहीत. हा तर अगदीच टिकणारा नाही. झळ, धग, चटका, काहिली, लाही, तलखी, रणरण, उकाडा, ऊन लागणे, घोळणा फुटणे. आणि विदर्भात रोहिणीचा 'नवतपा' आहेच. प्रत्येक शब्दाचा ताप वेगळा. उकाडा हा दमट किनाऱ्याचा, घामाच्या धारांचा. आमच्याकडे घाम दिसत नाही, तो आल्या आल्या सुकतो आणि सदऱ्यावर मिठाची पांढरी नक्षी ठेवून जातो. म्हणूनच शरीरातले पाणी किती गेले हे माणसाला उशिरा कळते. एवढी सूक्ष्म शब्दसंपत्ती असलेल्या भाषेत विद्यार्थी 'वैशाख वणवा' या एका शिळ्या जोडशब्दावर भागवतो, हा भाषेचा दोष नव्हे, आपल्या अभिरुचीचा आहे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. पुरवण्यांच्या संपादकांनी पाच वर्षे मामाच्या गावाचा लेख छापू नये आणि ती जागा रसवंतीवाल्याला, बँडवाल्याला, टँकरच्या चालकाला बोलते करणाऱ्यांना द्यावी. प्राश्निकांनी 'शीर्षकाची समर्पकता' विचारण्याआधी त्या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याच्या अंगाला कधी लागला, हे विचारावे. आणि साहित्य संस्थांनी एकदा तरी मे महिन्यात, अगदी लहान प्रमाणावर का होईना, अकोला, जळगाव किंवा चंद्रपूर येथे दुपारी बारा ते चार असा परिसंवाद ठेवावा, विषय कोणताही असो. वक्त्यांसाठी सावली असेलच. ती श्रोत्यांपैकी कुठवर पोचते आणि मंडप बांधणाऱ्यांपर्यंत पोचते की नाही, एवढे जरी वक्त्यांनी पाहून घेतले, तरी पुढच्या दिवाळी अंकात निराळे काही वाचायला मिळेल.