सही कुठी हाये?

आमच्या भातकुलीचे एक काकाजी जुन्या सरदारांच्या सह्या जमवतात. परवा मी आजोळची पेटी त्यांच्यापुढे उघडली. मोडीतला एक जीर्ण कागद त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि तोंड वाकडं केलं, "अरे बाप्पा, याच्यावर सही कुठी हाये? मंग हे कोन्या कामाचं?"

आता काय सांगावं! अहो, आपले सरदार पत्राखाली इंग्रजी फर्राटा ओढत नसत. मजकूर कारकुनाचा, धन्याचं नाव वर मायन्यात आणि खाली फार तर शिक्का. खुद्द शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर मुद्रा नि अखेरीस मर्यादेचा शिक्का असतो. त्यांनाही काकाजी नापास करणार!

सहीचं हे खूळ साहेबाचं. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीने आपला गाविलगड घेतला. त्याच्या सहीच्या चिठोऱ्याला आज लिलावात बोली लागते. गड लढवताना पडलेल्या किल्लेदार बेनीसिंगाच्या गोटातला कागद निघाला, तर तो मात्र रद्दीत. का, तर सही नाही! राजवाडे असे सह्या शोधत हिंडले असते, तर १८९८ साली त्यांच्या 'साधनां'चा पहिला खंड निघालाच नसता.

हे सगळं मी तावातावाने ऐकवलं. काकाजींनी शांतपणे कागद माझ्यापुढे सरकवला.

"बरं, मंग वाचून दाखव. काय लिवलं हाये?"

मोडी मला कुठली येते? मी आत डोकावून चहा टाकायला सांगितला.