अनुदानाचा अर्ज

आमच्या एका वाचकांनीं गेल्या महिन्यांत पत्र पाठवून विचारलें आहे कीं, त्यांच्या आळींतील मुलांची अभ्यासिका जेथें चालते त्या खोलीचें छप्पर गळतें; दुरुस्तीसाठीं एखाद्या धर्मादाय संस्थेकडे साहाय्य मागावें असें तरुण मंडळींच्या मनांत आहे; परंतु घरांतील वडील मंडळी म्हणतात, लोकांपुढें हात पसरणें आपल्या घराण्यास शोभत नाहीं. या वादांत आम्हीं आमचें मत द्यावें, अशी त्यांची इच्छा आहे.

मत देण्यापूर्वीं आमची स्वतःची हकीकत सांगणें बरें. कारण वडील मंडळींचें जें म्हणणें आहे, तेंच कांहीं वर्षांपूर्वीं आमचेंहि होतें.

जुन्या नाशकांत, घाटापासून फार दूर नसलेल्या एका आळींत एक लहानसें वाचनालय आहे. खोल्या दोनच, पण पुस्तकें जुनीं आणि निवडक. ऑगस्ट २०१९ मध्यें गोदावरीस मोठा पूर आला. आम्ही नाशिककर पुराचें माप दुतोंड्या मारुतीवरून घेतों. पाणी त्याच्या कमरेला लागलें, छातीला लागलें, अशा बातम्या पावसाळ्यांत घरोघर फिरतात. त्या पुरांत पाणी आमच्या वाचनालयाचा उंबरठा ओलांडून आंत आलें आणि खालच्या दोन फळ्यांवरील पुस्तकें भिजलीं. पुढें दहा-बारा दिवस आळींतील मुलें आणि बायका गच्चीवर बसून चिकटलेलीं पानें सुटीं करीत होत्या. कित्येक पुस्तकें वांचलीं, कित्येक लगद्यासारखीं झालीं. त्यानंतर मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली. वाचनालयाचें दार पुन्हां नियमितपणें उघडूं लागलें, तेव्हां ओल खाल्लेल्या लांकडी फळ्यांना वाळवी लागलेली दिसली.

काय करावयास हवें, हें उघड होतें. दीड हात उंचीचा पक्का ओटा बांधावा, त्यावर चार लोखंडी कपाटें ठेवावीं आणि वांचलेल्या पुस्तकांची बांधणी करून घ्यावी. खर्च ४८ हजार रुपये. कार्यकारी मंडळाची सभा भरली. कोणीं सुचविलें कीं, एक धर्मादाय न्यास अशा लहान लोकोपयोगी कामांना साहाय्य देतो, त्याच्याकडे अर्ज करावा. त्यावर एक वृद्ध सभासद म्हणाले, "मास्तर, आपल्या वाडवडिलांनीं कोणापुढें झोळी धरली होती का?" आम्हीं मान डोलाविली. मग आपसांत वर्गणी गोळा करण्याचें ठरलें. तीन महिन्यांत जमले १२ हजार. तेवढ्यांत एखादें कपाट आणि निम्मा ओटा झाला असता. पावसाळा मात्र निम्मा येत नाहीं. निरुपाय होऊन अर्ज करण्याचें ठरलें आणि तो लिहिण्याचें काम, आमचें संस्कृत बरें म्हणून, आमच्याकडे आलें.

त्या अर्जाचें वर्णन करतांना आज आम्हांस संकोच वाटतो. चांगलीं चार पानें भरलीं होतीं. आरंभीं शारदेचें स्तवन, मग ज्ञानरूपी गंगेचें आणि गोदामाईचें रूपक, नंतर दात्यांच्या औदार्याची प्रशंसा. अर्ज परत आला. सोबत तीन ओळींचें पत्र होतें. वाचनालयाचा उपयोग प्रत्यक्ष किती लोक करतात? कोणत्या वस्तूस किती खर्च येईल? त्यांपैकीं तुम्ही स्वतः किती देणार? चार पानांत या तीन प्रश्नांपैकीं एकाचेंहि उत्तर नव्हतें. आम्हीं जन्मभर मुलांच्या निबंधांवर 'विषयांतर' असा शेरा मारला. तोच शेरा साठी उलटल्यावर आमच्या वाट्यास आला.

पत्रांतील तिसरा प्रश्न आम्हांस प्रथम टोंचला. आमच्याजवळ असतें, तर तुमच्याकडे कशाला आलों असतों? परंतु विचार करतां करतां बडोद्याची गोष्ट आठवली. श्रीमंत सयाजीराव गायकवाड हे मूळचे आमच्याच नाशिक जिल्ह्यांतले. मालेगांव तालुक्यांतील कवळाणें या गांवीं १८६३ सालीं त्यांचा जन्म झाला. १९०६ सालीं अमेरिकेंत असतांना त्यांनीं तेथील सार्वजनिक ग्रंथालयें पाहिलीं, आणि १९१० सालीं बोर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या संस्थानांत ग्रंथालयांचें जाळें विणण्यास आरंभ केला. खजिना त्यांचाच होता. मनांत आणतें तर गांवोगांव फुकट पुस्तकें पाठविणें त्यांना अशक्य नव्हतें. पण त्यांच्या राज्यांतील पद्धति निराळी होती. गांवानें आधीं आपली वर्गणी जमवावी. मग तितकीच रक्कम प्रांताच्या पंचायतीनें द्यावी आणि तितकीच सरकारनें. गांवाचा एक वांटा पडल्यावांचून उरलेले दोन वांटे हालत नसत. ज्या वस्तूसाठीं गांवानें आपली गांठ सोडली आहे, ती वस्तु गांव सांभाळील, हें त्यामागील व्यवहारज्ञान होतें.

मग आम्हांस 'अनुदान' या शब्दाचीच फोड सुचली. 'अनु' म्हणजे मागाहून, पाठोपाठ. अनुचर म्हणजे मागून चालणारा, अनुज म्हणजे मागून जन्मलेला. तर मग अनुदान म्हणजे मागाहून येणारें दान, असें कां म्हणूं नये? पहिलें दान आपलें. दुसऱ्याचें दान त्याच्या पाठोपाठ येतें. भिक्षेंत पहिलें दान नसतें, आणि भिक्षेचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. अनुदानांत दोन्ही असतात. आमच्या वृद्ध सभासदांना हा अर्थ सांगितला, तेव्हां ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "असें असेल तर लिहा."

वाडवडिलांविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. आमच्या नाशकांतील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें आणि पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें. लोकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर अशा संस्था वाढल्या. त्यांच्यासाठीं दारोदार फिरणाऱ्यांस कोणी झोळीवाला म्हटलें नाहीं. पुढें १९३९ सालीं मुंबई सरकारनें फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं ग्रंथालयांविषयीं समिति नेमली, आणि १९६७ सालीं महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्या कायद्याखालीं मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि वर्गाप्रमाणें त्यांना वार्षिक अनुदान मिळतें. तेथेंहि पुस्तकें किती, सभासद किती, हिशेब तपासलेला आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून पैसा सुटत नाहीं. आमचें वाचनालय नोंदलेला न्यास आहे खरा, पण त्या वर्गवारींत नाहीं.

आतां राहिला पहिला प्रश्न. प्रत्यक्ष उपयोग किती जण करतात? सभासदांच्या वहींत नांवें होतीं २१४. आम्हीं तोच आंकडा लिहिला आणि वही मिटली. आमची नात त्या वेळीं इयत्ता नववींत होती. देवघेवीची वही चाळतां चाळतां ती म्हणाली, "आजोबा, ते विचारतात उपयोग किती लोक करतात, आणि तुम्ही लिहितां नांवें किती आहेत. या दोन गोष्टी एक कशा?" आणि तिनें २०२२ सालांत एक तरी पुस्तक नेलेल्या सभासदांची मोजणी केली. ते भरले ६१.

दुसऱ्या दिवशीं सभेंत मोठी चर्चा झाली. चिटणीस म्हणाले, "टाळेबंदीनंतरचें वर्ष. हा आंकडा खरा धरूंच नये. २१४ हें कांहीं खोटें नाहीं, वहींत आहेच कीं." दुसरे म्हणाले, "६१ लिहिलेंत तर एक कपाटहि मिळावयाचें नाहीं." त्यांचें म्हणणें आम्हांस पटूं लागलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. पुस्तकें वाळवीच्या तोंडीं आहेत. त्यांना वांचविण्यासाठीं वहींतला आंकडा जसाच्या तसा उतरवून दिला तर पाप तें कोणतें? अशा विचारांत घरीं आलों. नातीनें मोजणीचा कागद पुढें ठेवला. २१४ पैकीं ज्यांनीं वर्षभरांत एकहि पुस्तक नेलें नव्हतें, अशा १५३ नांवांची यादी तिनें स्वच्छ अक्षरांत लिहिली होती. वरून सातवें नांव आमचें होतें.

दर पाडव्यास आम्हीं वर्गणी न चुकतां भरीत होतों. सभांना जात होतों, वाचनालयाच्या वर्धापनदिनीं वाचनाच्या महत्त्वावर भाषणहि करीत होतों. पुस्तक मात्र एकहि घरीं आणलें नव्हतें. नातीनें कांहीं म्हटलें नाहीं. म्हणावयास पाहिजे असेंहि कांहीं उरलें नव्हतें.

अर्जांत आम्हीं लिहिलें: नोंदलेले सभासद २१४, २०२२ सालीं पुस्तकें नेणारे ६१. खर्च: चार कपाटें ३६ हजार, ओटा ८ हजार, बांधणी ४ हजार. आमचे स्वतःचे १२ हजार जमा आहेत. मागणी ३६ हजारांची. चार पानांचें एक पान झालें. कांहीं दिवसांनीं न्यासाकडून एक गृहस्थ पाहणीस आले. त्यांनीं फळ्या पाहिल्या, ओल पाहिली आणि देवघेवीची वही मागून घेऊन ती बराच वेळ चाळली. त्या वेळीं आमच्या छातीवरील धोंडा उतरल्यासारखें वाटलें. वहीनें जें सांगितलें असतें, तें आम्हीं आधींच सांगितलें होतें.

खरें बोलल्याचें फळ म्हणून मागितलेलें सर्व मिळालें, असें लिहितां आलें असतें तर गोष्ट गोड झाली असती. तसें झालें नाहीं. मंजूर झाले २७ हजार. ६१ वाचकांस तीन कपाटें पुरेशीं आहेत, असें पत्रांत होतें. चिटणीसांनीं आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें, ती आम्ही विसरलों नाहीं. ९ हजारांची तूट राहिली. तेव्हां आम्हीं नातीची ती यादी हातीं घेतली आणि आम्ही दोघे त्या १५३ घरांचे उंबरठे झिजवूं लागलों. नऊ जण परलोकवासी झाले होते; कित्येक आळी सोडून गेले होते. जे भेटले, त्यांच्याकडे आधीं वर्गणी मागितली नाहीं. पिशवींतून एखादें पुस्तक काढून हातांत दिलें. सात आठवड्यांत ३८ घरीं पुस्तकें पुन्हां जाऊं लागलीं, आणि चौथ्या कपाटाचे पैसेहि त्याच घरांतून पन्नास-शंभर करीत उभे राहिले. पावसाळ्यापूर्वीं ओटा पुरा झाला.

आतां पत्रलेखकांस आमचें उत्तर. अर्ज अवश्य करावा. वडिलांना 'अनु'चा अर्थ समजावून सांगावा आणि आधीं आपला वांटा, लहान कां होईना, जमवावा. अर्ज एका पानाचा असावा. गरज काय, वस्तु कोणती, तिचें मोल किती, जबाबदारी कोणाची आणि काम झालें हें कशावरून कळेल, एवढें त्यांत असलें म्हणजे पुरे. छप्पराचें काम असल्यानें दोन-तीन कारागिरांकडून लेखी दरपत्रकें घ्यावीं. खोली कोणाच्या मालकीची आहे तें पाहून मालकाची लेखी संमति जोडावी, नाहीं तर दुरुस्त छप्पर दुसऱ्याचें आणि मुलें रस्त्यावर, असा प्रसंग यावयाचा. मंडळाचा ठराव, नोंदणीचा दाखला, तपासलेले हिशेब आणि मंडळाच्या नांवाचें बँकेंतील खातें, हीं एका पुडक्यांत बांधून ठेवावीं. मंजुरीचें पत्र हातीं येण्यापूर्वीं खर्च करूं नये. आधीं झालेला खर्च बहुधा कोणी भरून देत नाहीं. पैसा ज्या कामासाठीं आला त्याच कामास लावावा, पावती न् पावती जपावी आणि काम संपल्यावर मागितल्यावांचून हिशेब पाठवावा. पुढचा अर्ज खरोखर त्या हिशेबानेंच लिहिला जातो.

आपल्या शास्त्रकारांनीं योग आणि क्षेम हे दोन शब्द जोडीनें वापरले आहेत. न मिळालेलें मिळविणें हा योग, मिळालेलें राखणें हा क्षेम. अनुदानाच्या अर्जांत माणसाचें सगळें लक्ष योगाकडे असतें; क्षेम मागाहून पाहूं, असें आपण म्हणतों. लोखंडी कपाटांनीं पाणी अडेल, वाळवी अडेल. परंतु ज्या पुस्तकास कोणी हात लावीत नाहीं, त्याचें क्षेम कोणतें कपाट करणार?

म्हणून पत्रलेखकांस एक शेवटची विनंति आहे. अर्ज लिहिण्यास बसण्यापूर्वीं एके दिवशीं सायंकाळीं अभ्यासिकेंत जाऊन मुलें किती बसलीं आहेत तें स्वतः मोजावें आणि तोच आंकडा लिहावा. तो लहान असला तरी चालेल. घरांतील वडील मंडळींनाहि बरोबर न्यावें. छप्पर कोठें गळतें, हें त्यांनीं एकदां डोळ्यांनीं पाहिलेलें बरें.

आमच्यापुरतें म्हणाल तर दर शनिवारीं नातीबरोबर वाचनालयांत जाण्याचा क्रम आम्हीं ठेवला आहे. देवघेवीच्या वहींत आमच्या नांवापुढें आतां तारखा पडूं लागल्या आहेत.